ससाणा परत का येतो?

प्रश्न: मोकळ्या आकाशात सोडलेला बहिरी ससाणा पुन्हा माणसाच्या मुठीवर येऊन बसतो. त्याला कोण अडवतं? कालपासून हेच डोक्यात घोळतंय.

उत्तर: भूक आणि सवय. तो कुत्र्यासारखा जीव लावत नाही, म्हणून तर मला तो जास्त आवडतो. बाजदार, म्हणजे ससाणे पाळून त्यांना शिकारीला शिकवणारा माणूस, त्याचं वजन रोज तोलतो. थोडं जास्त खाल्लं की पक्षी झाडावर बसून राहतो, आणि फार उपाशी ठेवला तर खंगतो. आठवडेच्या आठवडे मुठीवर खाऊ घातल्यावर त्याला तिथे खात्रीने घास दिसू लागतो. पक्षी शांत राहावा म्हणून त्याचे डोळे झाकणारी चामड्याची टोपी वापरायला युरोपातला पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक दुसरा 13व्या शतकात अरब बाजदारांकडून शिकला. गिधाडं अन्न वासाने शोधतात की नजरेने, हे त्याने त्यांचे डोळे झाकून तपासलं होतं! राजा असून स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

उत्तर: एक भर घालतो. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ झाली आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून बहिरी ससाणा 1960च्या दशकात संपला. त्याची पिलं पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडण्यात बाजदारांच्याच कसबाचा मोठा वाटा होता. 1999 साली तिथल्या संकटग्रस्त यादीतून त्याचं नाव निघालं.

प्रश्नकर्ता: आभार! मी एकदाच जवळून पाहिलाय. नाकपुडीत हाडाचा बारीक कोंब, डोळ्याखाली काळा ओघळ. मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी श्वास रोखून उभा राहिलो.