मनपा शाळेतल्या हुशार मुलांसाठी रविवारचा वर्ग: निवड आणि आखणी कशी करावी?

सातपूरकर:
नाशिकमधल्या सातपूरच्या मनपा शाळेतल्या सातवी-आठवीच्या 20 मुलांसाठी रविवारी गणित-विज्ञानाचा वर्ग सुरू करायचा आहे. पालक बहुतेक एमआयडीसीत कंत्राटी कामगार. मुलं निवडायची कशी? एनएमएमएसची (आठवीत होणारी, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) तयारी त्यातच घ्यावी का?

रेघोटी:
नुसत्या गुणांवर निवडू नका. शिक्षक साहजिकच वही नीट ठेवणाऱ्यांची नावं देतात, कंटाळलेलं हुशार मूल मागेच राहतं. सगळ्या वर्गाला तासभर न शिकवलेले प्रश्न द्या. उदा. बुद्धिबळाच्या पटावर लहानमोठे मिळून चौरस किती? उत्तर 204. पण 64 वर न थांबता आधी 2×2, मग 3×3 चा पट मोजून बघणारं मूल हेरा, उत्तर चुकलं तरी. प्रश्न तोंडी समजावा. घरी अहिराणी किंवा हिंदी बोलणारी मुलं नाहीतर वाचण्यातच अडकतात.

गोदाकाठ:
एनएमएमएसला वेगळा तास ठेवा. तिथे बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी 90 मिनिटांत 90 प्रश्न. हा वेगाचा सराव रविवारच्या वर्गात शिरला, की विचार करायला वेळच उरत नाही.

खरी गळती कागदपत्रांत होते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, म्हणून तहसीलदारांच्या दाखल्याचा अर्ज जून-जुलैतच करा. आधार, शाळेचं रजिस्टर आणि बँक खातं यांत नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते स्वतः ताडून बघा. निवड झाल्यावर वर्षाला 12,000 रुपये बारावीपर्यंत मिळतात, पण एनएसपी या केंद्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नववीत गेलेल्या मुलाला ही आठवण करणारं कुणीच नसतं. ते काम तुमच्या गटातल्या एकाच्या नावावर लावा.

सातपूरकर:
हे मोलाचं आहे. वर्ग गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये मिळतोय, घ्यावा का?

रेघोटी:
नको, मुलांच्याच शाळेत घ्या. बसभाडं आणि मुलींना एकटं पाठवायची काळजी, या दोन कारणांनी हजेरी तुटते. आई कामावर गेली की धाकटी भावंडं मोठ्या मुलीकडे असतात. त्यांना सोबत आणू द्या, मागे सतरंजी आणि रंगखडू ठेवा. आणि प्रयोग मुलांच्या हातांनी होऊ द्या, चौघांत एक मोजपात्र, एक भिंग. नववीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसतील, तेव्हा लेखी फेरीनंतर प्रात्यक्षिकच असतं.