'विलायती मालावरची जकात' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मराठी लेखनात 'विलायती मालावरची जकात' असं वारंवार येतं. माझ्या डोक्यात जकात म्हणजे शहराच्या वेशीवरचा नाका आणि ट्रकांची रांग. इथे तोच कर का? की 'संरक्षक जकात' म्हणायचं?

उत्तर: नाही, हा बंदरावरचा कर. माल घाटात अडवा, वेशीवर अडवा की बंदरात, पूर्वी सगळ्याला जकातच म्हणत. पुढे नगरपालिकांच्या करामुळे अर्थ आक्रसला. तोही आता गेला. मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाली. आजच्या मराठीत इथे 'आयात शुल्क' लिहा.

उत्तर: वरच्यांशी सहमत, पण 'संरक्षक' हे विशेषण अजिबात लावू नका. संरक्षक जकात देशी धंदा जगावा म्हणून बसवतात. ही निव्वळ महसुली. १८८२ मध्ये मीठ, दारू असे थोडे जिन्नस वगळता आयातीवरचे कर सरकारने काढूनच टाकले होते, मँचेस्टरच्या कापड गिरणीवाल्यांना हवं होतं तसं. मग रुपया घसरला, इंग्लंडला पाठवायच्या रकमेचा बोजा वाढला, तिजोरीत खडखडाट झाला, म्हणून १८९४ मध्ये शेकडा पाच कर परत आला. कापडाला आधी वगळलं. डिसेंबरात तेही घेतलं, पण त्याच वेळी इथल्या गिरण्यांच्या वीस नंबरच्या वरच्या सुतावर पाच टक्के अबकारी, म्हणजे देशात तयार होणाऱ्या मालावरचा कर, लावली! (एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका सुताचा नंबर, नंबर चढा तसं सूत बारीक.)

लँकेशायरला, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या गिरणीवाल्या परगण्याला, तेवढ्यानेही समाधान नव्हतं. १८९६ मध्ये विलायती आणि देशी दोन्ही सूत करमुक्त केलं आणि कापडावर साडेतीन टक्के ठेवले: विलायती कापडावर बंदरात साडेतीन, मुंबईच्या गिरणीतल्या कापडावर गिरणीतच साडेतीन. शंभर रुपयांच्या ठाणामागे फरक शून्य. त्यातून ही अबकारी जाड्याभरड्या कापडावरही बसली, ज्यात मँचेस्टरची फारशी स्पर्धाच नव्हती. हातमाग तेवढा सुटला. याला संरक्षण कसं म्हणायचं?

प्रश्न: मग त्या अबकारीला काय म्हणू? इंग्रजीत 'काउंटरव्हेलिंग' म्हणतात.

उत्तर: 'भरपाई अबकारी' चालेल, पण एक तळटीप द्याच. आज काउंटरव्हेलिंग ड्यूटी बसते ती परदेशी मालावर, तिकडच्या सरकारने दिलेल्या अनुदानाचा फायदा मारायला. इथे सगळं उलटं: परक्या मालावरच्या कराची भरपाई देशी मालाकडून. नुसतं 'अबकारी' लिहिलंत तर आजचा वाचक थेट दारूच्या दुकानात पोचेल. आणि काळ लिहिताना जपा. १९१७ मध्ये कापडावरचा आयात कर साडेसात झाला, अबकारी मात्र साडेतीनच राहिली. तिथून पुढे थोडंफार संरक्षण खरंच मिळू लागलं. अबकारीची वसुली थांबली ती १९२५ च्या डिसेंबरात.