क्रमवार साखळीत कडी ‘घुसवायची’, ‘ओवायची’ की ‘बसवायची’?

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत सॉर्टेड लिंक्ड लिस्टमध्ये (एकमेकींना पत्त्याने जोडलेल्या, क्रमाने लावलेल्या नोंदींच्या यादीत) नोंद ‘इन्सर्ट’ करतात, त्याला मराठीत नेमकं क्रियापद कोणतं? ‘समाविष्ट करणे’ फार ढोबळ वाटतं. आत घेतलं एवढंच कळतं, कुठे घेतलं ते कळत नाही.

— ‘घुसवणे’ नकोच. रांगेत घुसणारा क्रम मोडतो. इथे तर क्रम राखायचा आहे. ‘ओवणे’ कसं वाटतं? मण्यांची माळ डोळ्यांसमोर येते.

— माळच इथे दिशाभूल करते. मधे मणी घालायचा तर टोकापर्यंतचे सगळे मणी काढून पुन्हा ओवावे लागतात. हे वर्णन ॲरेला (सलग घरांत ठेवलेल्या यादीला) लागू पडतं, कारण तिथे पुढचे सगळे घटक एकेक घर सरकवावे लागतात. लिंक्ड लिस्टमध्ये दोरा नसतोच. प्रत्येक नोडकडे, म्हणजे एकेका नोंदीकडे, स्वतःच्या किमतीशिवाय फक्त पुढच्याचा पत्ता असतो. म्हणून साखळी, कडी, आणि ‘बसवणे’. पत्ते जोडण्याला ‘सांधणे’ म्हणावं.

सांधण्याचा क्रम चुकला की काय होतं ते पाहा. साखळी १२, २०, ३५, बसवायचे २७. सुरुवातीपासून चालत जायचं आणि २७ पेक्षा लहान नसलेली पहिली कडी आली की थांबायचं. प्रत्येक पावलाला आधी ‘कडी आहे का’ हे तपासायचं, मग तिची किंमत. उलट केलं तर शेवटी नल पॉइंटरमधून (जिथे पुढचा पत्ताच नाही तिथून) वाचायला जाऊन प्रोग्रॅम बहुधा कोसळतो. जागा सापडली की आधी २७ च्या कडीत ३५ चा पत्ता, नंतर २० च्या कडीत २७ चा. हीच दोन विधानं उलटी लिहिली तर २० कडून उचललेला पत्ता २७ चाच निघतो: कडी स्वतःलाच सांधली जाते, ३५ निखळून हरवते आणि साखळी छापायला घेतली की २७, २७, २७ थांबतच नाही.

— आणि ५ बसवायचे असतील तर? मागे कडीच नाही.

— तेव्हा हेडच, म्हणजे पहिल्या कडीचा पत्ताच, बदलतो. फंक्शनला हेडची नुसती प्रत दिली तर बदल प्रतीत होतो आणि बाहेर साखळी १२ पासूनच सुरू होते. हेड जिथे ठेवलाय तिथला पत्ता द्यावा, म्हणजे पॉइंटरचा पॉइंटर (पत्त्याचा पत्ता). मग कडीऐवजी पत्ता लिहिलेली खोबण धरून चालता येतं; रिकामी साखळी, सुरुवात, मध्य, शेवट असे वेगळे फाटे उरत नाहीत. ‘खोबणीत बसवणे’ हा सुतारकामातला प्रयोग इथे अगदी चपखल आहे.

— ‘बसवणे’ मान्य, पण ‘२० च्या जागी बसवा’ असं कुठेही लिहू नका. त्याचा अर्थ जुनी २० काढून टाका असा होतो. दुसरी २० आली तर ‘आधी’ की ‘नंतर’ हे स्पष्ट हवं. पुढे चालत राहण्याच्या तुलनेत ‘लहान’ लिहिलं तर नवी कडी जुन्या २० च्या आधी बसते, ‘लहान किंवा समान’ लिहिलं तर नंतर.

— ‘सॉर्टेड’साठी ‘वर्गीकृत’ही टाळा; ते गट पाडणं झालं. ‘क्रमवार’ पुरे, सोबत चढती की उतरती ते सांगा.