मदत हवी आहे: लॅपटॉपवरच्या पियानोचा आवाज मऊ कसा करायचा?

भाता_आणि_बोटं

नमस्कार मंडळी,

राहायला कोथरूडला. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. पेटी चाळीसेक वर्षं वाजवतोय, तीही घरगुती. गणपतीतल्या आरत्या, सोसायटीचं भजनी मंडळ, कुणी गाणारं सापडलं तर साथ. पियानोचं शिक्षण शून्य.

यंदा कोजागिरीला आमच्या गच्चीवर पुतणी दोन भावगीतं म्हणणार आहे आणि तिची फर्माईश अशी की "काका, पेटी नको, पियानो वाजवा." मुलगा शाळेत असताना घेतलेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड माळ्यावर पडून होता, तो काढून पुसला. तपकीर गल्लीतून यूएसबीची केबल आणली. लॅपटॉपवर सॅलॅमँडर ग्रँड पियानो (खऱ्या पियानोच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) उतरवला आणि तो स्फोर्त्झांडो या प्लेअरमध्ये उघडला. दोन्ही फुकट.

आवाज खऱ्या पियानोचाच आहे, तक्रार त्याची नाही. पण माझ्या हातून तो सतत लखलखीत येतो, काचेच्या पेल्यावर चमचा आपटल्यासारखा. सौ.चा अभिप्राय स्वयंपाकघरातून आला: "मंगल कार्यालयात बुफेच्या वेळी लावतात तसलं काहीतरी वाटतंय."

मला हवा असलेला आवाज डोक्यात पक्का आहे. चौथी-पाचवीत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी कॅम्पातल्या एका शाळेत गेलो होतो. तिथे हॉलच्या कोपऱ्यात एक जुना उभा पियानो होता आणि एक बाई तो वाजवत बसल्या होत्या. घोंगडीखालून आल्यासारखा आवाज, किंचित बेसूर, पण ऊबदार. माझं भाषण काय होतं ते विसरलो, तो आवाज विसरलो नाही.

करून पाहिलेले उद्योग:
ट्रेबल कमी केलं, तर आवाज मऊ न होता बद्द झाला. व्हॉल्यूम कमी केला, तर तोच लखलखाट शेजारच्या इमारतीतून ऐकू आल्यासारखा. रिव्हर्ब (घुमारा) वाढवला, तर देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं. शिवाय पट्टी दाबल्यावर आवाज जरासा उशिरा येतो, तो वेगळाच ताप.

सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय फिरवायचं असतं? बजेट फार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

झटपट

काका, ६१ पट्ट्यांच्या खेळण्यावर पियानो वाजत नसतो. वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, विषय संपला.

भाता_आणि_बोटं

विषय संपला खरा, पण पेन्शनही संपेल.

सर्किट_सदाशिव

झटपट, कीबोर्ड विकत घ्यायला सांगणं सोपं आहे. आधी दुखणं कुठे आहे ते बघू.

काका, मला दोष सॉफ्टवेअरमध्ये वाटत नाही. तुम्ही पेटीवाले आहात, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील आहे आणि तुम्ही तो ओघात सांगून टाकलात.

पेटीत लहान-मोठा आवाज भात्यावर ठरतो. पट्टी कशीही दाबा, झडप उघडते, एवढंच तिचं काम. त्यामुळे उजव्या हाताला वर्षानुवर्षं एकच सवय लागते: प्रत्येक पट्टी सारखी, झटक्यात, खालपर्यंत. मिडी कीबोर्ड, म्हणजे लॅपटॉपला आवाज न पाठवता कुठली पट्टी कशी दाबली ते आकड्यांत कळवणारा, मात्र नेमका तो झटकाच मोजतो. पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून १ ते १२७ मधला एक आकडा सॉफ्टवेअरकडे जातो. याला व्हेलॉसिटी म्हणतात. जोर नाही, वेग. तुमच्या हलक्या स्प्रिंगच्या पट्ट्या पेटीच्या सवयीने खाली जात असतील, तर प्रत्येक सुराला शंभराच्या आसपासचा आकडा जात असणार.

आता सॅलॅमँडरमध्ये काय आहे? एका यामाहा सी-५ ग्रँडचे सूर १६ वेगवेगळ्या ताकदींनी वाजवून रेकॉर्ड केलेत. हळू वाजवलेला सूर म्हणजे जोरात वाजवलेल्याचा व्हॉल्यूम कमी केलेला नव्हे. हातोड्याच्या टोकाला लोकरीचा नमदा असतो. हळू लागला तर तो मऊ राहतो, जोरात आपटला की दबून टणक होतो आणि तारेतून वरचे स्वरांश चमकून उठतात. तुमच्या वाट्याला १६ थरांपैकी वरचे मोजकेच थर येत असावेत. मऊ आवाज तुमच्याच लॅपटॉपमध्ये पडून आहे, तुमची बोटं तिथवर पोचतच नाहीत.

अंदाज खरा की खोटा ते तपासा. मिडी-ऑक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो पट्टी दाबली की आकडा दाखवतो. आधी स्फोर्त्झांडो बंद करा. विंडोजवर बहुतेक वेळा एक मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. मग एकच पट्टी हळू, नेहमीसारखी आणि जोरात अशी दहा-दहा वेळा वाजवून आकडे इथे टाका.

उशिराचं औषध: स्फोर्त्झांडोच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने बाहेर काढणारा) निवडा. ऑडिओ कार्डाचा स्वतःचा नसेल तर आसिओ-फॉर-ऑल बसवा. बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने साठवून एकदम पाठवायचे तो आकडा, २५६ ठेवा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराला ते जेमतेम ६ मिलिसेकंद होतात. कडकड ऐकू आली तर ५१२ करा.

भाता_आणि_बोटं

उशीर गेला! शंभर वर्षं आयुष्य लाभो तुम्हाला.

आकडे मात्र विचित्र आहेत. हळू: ५४. नेहमीसारखं: ६०. जोरात: ६इ. आम्ही मराठी शाळेत शिकलो, तिथे इ हा आकडा नव्हता. शिवाय ५४ आणि ६० म्हणजे मधलेच की. मग तुमचा अंदाज चुकला म्हणायचा?

सर्किट_सदाशिव

हा हा, सांगायचं राहिलं. मिडी-ऑक्स आकडे सोळाच्या पायात दाखवतो, त्यात ९ नंतर ए ते एफ ही अक्षरं येतात आणि इ म्हणजे १४. ५४ म्हणजे आपले ८४, ६० म्हणजे ९६ आणि ६इ म्हणजे ११०.

म्हणजे तुमचं हळूत हळू ८४ आहे. कुजबुजायला सांगितलं तरी तुम्ही व्यासपीठावरून बोलताय.

आता पहिलं काम कीबोर्डवरच. सेटिंगमध्ये टच किंवा टच सेन्सिटिव्हिटी शोधा. तिथे सॉफ्ट, मीडियम, हार्ड असे पर्याय असतील. नावाला फसू नका. मऊ आवाज हवा म्हणून लोक सॉफ्ट निवडतात आणि उलटंच होतं. सॉफ्ट म्हणजे हलक्या हातालाही मोठा आकडा. तुम्हाला हार्ड पाहिजे.

भाता_आणि_बोटं

मी सॉफ्टच ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी, मोठ्या हौसेने.

हार्ड केल्यावर: हळू ५८ ते ६४, नेहमीसारखं ७५ ते ८२, जोरात १०० च्या आसपास. आकडे आता मुलाकडून उलगडून घेतलेत. आवाजात फरक पडलाय. सौ. म्हणाली, "बुफे संपला वाटतं." पण शाळेतला पियानो अजून लांब आहे.

सर्किट_सदाशिव

आता उरलेला पल्ला सॉफ्टवेअरमध्ये ताणायचा. सॅलॅमँडरची एसएफझेड फाइल (कुठल्या पट्टीला कुठला नमुना वाजवायचा याची यादी) हा निव्वळ मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक नमुन्यापुढे व्हेलॉसिटीची खालची आणि वरची मर्यादा लिहिलेली दिसेल. तुमचा ६० जिथे जातो तिथे सगळ्यात खालचे दोन-तीन थर वाजावेत आणि ८० ला मधले, अशा बेताने त्या मर्यादा वर सरकवा. ओळी पाचशेच्या घरात आहेत, कारण दर तीन पट्ट्यांमागे एक नमुना आणि प्रत्येकाचे १६ थर. हाताने करू नका, शोधा-बदला वापरा. वरच्या थरापासून सुरुवात करून खाली या, नाहीतर आत्ताच बदललेला आकडा पुढच्या शोधात पुन्हा सापडतो आणि सगळा चिवडा होतो. मी केलाय तो चिवडा. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा.

हे किचकट वाटलं तर पियानोटेक या दुसऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती उतरवा. फ्रान्समधल्या तुलूझच्या लोकांचं आहे. यात रेकॉर्ड केलेले नमुने नसतातच. हातोडा, तार, लाकूड यांचं गणित तुम्ही वाजवता तेव्हाच जागच्या जागी सोडवलं जातं. व्हेलॉसिटीचा आलेख माउसने ओढता येतो. चाचणीत २० मिनिटांनी बंद पडतं आणि थोड्या पट्ट्या मुक्या असतात, पण कान तयार करायला तेवढं पुरतं.

पांढरी_एक

मी कर्वेनगरला लहान मुलांना पियानो शिकवते. सर्किट यांच्या म्हणण्याला शंभर टक्के अनुमोदन. थोडी भर घालते, कारण काकांना हवाय तो आवाज माझ्या फार ओळखीचा आहे.

तो जुना उभा पियानो ऊबदार वाटला याची कारणं धरता येतात. वरच्या आणि मधल्या सुरांना प्रत्येकी तीन तारा असतात. ट्यूनर त्या तंतोतंत जुळवतो. पुढे पावसाळा येतो, आतली लाकडी पाटी ओल धरून फुगते आणि सूर चढतात. उन्हाळ्यात ती सुकते आणि उतरतात. पण सगळे सारखे हलत नाहीत. चार-सहा महिने ट्यूनर फिरकला नाही की त्या तीन तारा एकमेकींपासून केसभर सुटतात आणि सूर हलका लहरायला लागतो. तुम्ही ज्याला किंचित बेसूर म्हणता ते हेच.

पियानोटेकच्या स्टँडर्ड आवृत्तीत यासाठी युनिसन विड्थ नावाचा सरकता दांडा आहे. स्टेज या स्वस्त आवृत्तीत तो मिळत नाही, तेव्हा विकत घेण्याआधी बघा. तो अगदी थोडा वाढवा. जास्त केलात तर जुन्या इंग्रजी सिनेमातल्या दारूच्या गुत्त्यातला पियानो होतो, आणि भावगीताला तो शोभत नाही.

त्याच्या जवळच हातोड्याच्या टणकपणाचे तीन दांडे आहेत: हळू, मध्यम आणि जोरकस वाजवण्यासाठी वेगवेगळे. तिन्ही एकदम खाली ओढू नका. जोरकसचा निम्म्यावर आणा, मध्यमचा थोडा, हळूचा तसाच राहू द्या. खरे ट्यूनरही हेच करतात, नमद्यात सुया टोचून त्याला सैल करतात. तुम्ही ट्रेबल कमी केलंत तेव्हा आवाज बद्द झाला, कारण त्याने हळू सुरांतली होती तेवढीही चमक कापली गेली. हातोडा मऊ केला तर फक्त जोरकस सुरांची धार जाते.

ग्रँडऐवजी उभ्या पियानोचं मॉडेल घ्या. रिव्हर्ब जवळजवळ शून्य ठेवा. गच्चीवर वाजवणार आहात, तिथली हवा तुमच्या हातात नाही.

आणि काका, रोज दहा मिनिटं एकच पट्टी आकडा ४० च्या खाली ठेवून वाजवायचा प्रयत्न करा. माझ्याकडे पेटी शिकून आलेली दोन मुलं आहेत. दोघांचंही हेच. सुरांची समज इतरांपेक्षा कितीतरी पुढे आणि हात मात्र टाइपरायटरवर.

तंबोऱ्यामागे

सगळं ठीक आहे, पण गंधाराचं काय? पियानोचा शुद्ध ग तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या ग पेक्षा १४ सेंटनी (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट) चढा असतो. ध तर १६ ने. गाणारी मुलगी शिकलेली असेल तर तिला टोचणार. सॉफ्टवेअर हातात आहे तर सूरही बदलून घ्या की.

भाता_आणि_बोटं

पेटीतही तोच ग असतो हो, चाळीस वर्षं त्याच्याशी संसार केलाय. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बाहेर काढलं, १९७१ साली परत घेतलं, ग तिथेच होता. पण करता येत असेल तर ऐकायला आवडेल. पुतणी काळी चारमध्ये गाते.

सर्किट_सदाशिव

येतं. पियानोटेक स्टँडर्ड स्काला नावाच्या पद्धतीच्या फायली वाचतो. साध्या मजकुरात सा पासूनच्या अंतराचे, सेंटमधले बारा आकडे लिहायचे: शुद्ध रे २०४, ग ३८६, म ४९८, प ७०२, ध ८८४, नि १०८८, वरचा सा १२०० आणि कोमल-तीव्र तुमच्या कानाप्रमाणे. एवढं केल्यावर षड्ज काळी चारवर बांधायला विसरू नका, नाहीतर पांढरी एक या पट्टीचा ग शुद्ध होईल आणि तुमचा बिघडेल.

सॅलॅमँडरमध्ये हे अवघड जाईल. एक नमुना तीन पट्ट्यांना वापरलेला असल्यामुळे आधी त्या ओळी फोडाव्या लागतात.

पांढरी_एक

माझं मत वेगळं आहे. भावगीताच्या साथीत तुम्ही कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, धरणार. षड्जाला बांधलेल्या शुद्ध सुरांत सा-ग-प छान लागेल, पण रिषभावरचा मायनर कॉर्ड घेतलात की रे आणि ध मधला पंचम ६८० सेंटचा होतो, हवा ७०२ चा. तो बेसूरपणा ऊबदार नसतो. एकेरी सुरांची साथ असेल तर जरूर करा, कॉर्ड असतील तर समान सप्तक (पियानोचे नेहमीचे, सारख्या अंतरावरचे बारा सूर) राहू द्या.

तंबोऱ्यामागे

हे मान्य. मी एकेरी साथच धरून चाललो होतो.

भाता_आणि_बोटं

ताजी खबर. पियानोटेकवर दोन संध्याकाळी घालवल्या, २०-२० मिनिटांच्या हप्त्यांत. उभा पियानो, जोरकस हातोडा निम्मा, तारा केसभर सुट्या. एका क्षणी तो हॉल आणि त्या बाई डोळ्यांसमोर आल्या, खोटं नाही सांगत. सध्या मात्र सॅलॅमँडरच्याच मर्यादा सरकवल्यात, चिवडा न होता. कोजागिरी त्यावर निभावेन. स्टँडर्ड आवृत्तीचं दिवाळीत बघू, मुलाच्या कानावर घातलंय. ग जसा आहे तसा ठेवलाय, कारण कॉर्ड आहेत.

रोजचा सराव चालू आहे. आकडा ४७ च्या खाली जात नाही.

आता एक नवीन त्रास. काल पायाचा पेडल आणला, तो उलटा चालतोय. पाय ठेवला की सूर तुटतात, काढला की लांबतात.

पांढरी_एक

काका, कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय होता का? बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती बघतात आणि तीच मोकळी धरतात. बंद करा, पाय पूर्ण बाजूला घ्या, मग चालू करा. तरीही उलटाच राहिला तर पेडलच्या बुडाला छोटा स्विच आहे का बघा.

भाता_आणि_बोटं

पाय होता. डावा हात भात्यावर नसला की पाय कुठेतरी टेकतोच. सरळ झाला, धन्यवाद ताई.