शहर वाढतं, रस्ते वाढतात, मग जोडणी का घटते?

आडवाट
नव्या उपनगरात पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांत कुंपणावरून वीस पावलांचं अंतर असतं, रस्त्याने जायचं तर दोन किलोमीटर! शेतजमीन तुकड्यातुकड्याने विकली जाते, प्रत्येक विकासक आपला लेआउट फक्त मुख्य रस्त्याला जोडतो. शेजारच्या लेआउटशी त्याला काय देणंघेणं? न्यूयॉर्कने १८११ साली उलट केलं. वस्ती मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला होती, तेव्हाच १५५व्या रस्त्यापर्यंतची उभ्या-आडव्या रस्त्यांची जाळी कागदावर आखून टाकली. इमारती पाडून नव्या होतात, रस्ता एकदा पडला की शतकभर हलत नाही. म्हणून बंद गल्ल्यांच्या लेआउटला मंजुरीच देऊ नये, असं माझं मत.

निवांत
साफ असहमत. दारावरून कुणीही शॉर्टकट म्हणून गाडी पिटाळत नाही, म्हणून तर लोक बंद गल्लीत घर घेतात. मोटारी वाढल्यावर १९२९ मध्ये न्यूजर्सीतलं रॅडबर्न याच विचाराने वसवलं. शिवाय चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींना भिडण्याच्या ३२ जागा असतात, तिठ्यावर ९. तुमच्या जाळीत सगळे चौकच.

आडवाट
रॅडबर्नमध्ये घरांमागून बागेतून जाणाऱ्या पायवाटा होत्या, रस्त्याखालून भुयारी वाटही होती. नक्कल करणाऱ्यांनी बंद गल्ली तेवढी उचलली, पायवाट टाकून दिली. आणि तुमच्या शांत गल्ल्यांतल्या गाड्या शेवटी जातात कुठे? सगळ्या त्याच एका मुख्य रस्त्यावर, तिथे वेगही जास्त. तिथं राहणाऱ्याला विचारा शांततेबद्दल.

तिठा
दोघंही गाडीची आणि पायाची जोडणी एकच धरून चाललात. नेदरलँड्समधल्या हाउटेनमध्ये एका भागातून दुसऱ्या भागात मोटार न्यायची तर बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याने, सायकल मात्र थेट मधून. बार्सिलोनाने अभियंता सेर्दा याच्या १८५९च्या शहर-आराखड्यातले इमारतींचे काही चौकोनी गट एकत्र करून आरपार जाणाऱ्या गाड्यांना आत मज्जाव केला, चालणारे मोकळे. पण हे जमलं ते जाळी आधीपासून होती म्हणून. उघडा रस्ता बंद करायला चार खांब पुरतात, बंद गल्ली उघडायची तर कुणाचं तरी अंगण घ्यावं लागतं. त्यामुळे माझं झुकतं माप आडवाट यांच्याकडे.

निवांत
पायवाटेला विरोध नाही. पण दोन उंच कुंपणांमधल्या त्या बोळात दिवा कोण लावणार, कचरा कोण उचलणार? अंधारातून कुणी जात नाही, मग रहिवासीच भिंत घालतात.

तिठा
म्हणून अट आधीच हवी. अमेरिकेत नव्या रस्त्यांची जोडणी विसाव्या शतकात बराच काळ घसरत गेली, १९९४च्या सुमारास तळाला टेकली, मग सावरू लागली. व्हर्जिनियाने २००९ मध्ये नियमच केला: नवा रस्ता शेजारच्या भागाशी जोडण्याची अट पाळली नाही, तर राज्य त्याची देखभाल अंगावर घेणार नाही. खिशाला हात लागला की नकाशे बदलतात.

आडवाट
हेच! प्रत्येक लेआउटने एकदोन रस्ते हद्दीपर्यंत आणून सोडायचे, पुढचा विकासक तिथून जोडेल.

निवांत
आणि तोवर त्या टोकाला दहा वर्षं पोरं क्रिकेट खेळलेली असतील. जा मग तो रस्ता उघडायला, पहिली हरकत तिथल्याच लोकांची येईल. त्यात माझीही सही असेल.