प्रसिद्धीवरची विनोदी कादंबरी मध्यावर मंदावते, काय करावं?

शाईदौत: नायक एका चुकून पसरलेल्या व्हिडिओमुळे रातोरात स्टार होतो. पहिली ६० पानं धमाल. पुढे नखरे, फॅन, सेल्फी, परत नखरे. नुसतं अर्कचित्र होतंय. मधला भाग कसा बांधावा?

तिरपा_डोळा: नखऱ्यांची जंत्री दिली की वाचक तिसऱ्यालाच जांभई देतो. एकच नखरा घ्या आणि त्याला चोख कारण द्या. व्हॅन हेलन या रॉक बँडच्या १९८२ च्या दौऱ्याच्या करारात अट होती: वाटीत एम अँड एमच्या रंगीत चॉकलेट गोळ्या ठेवा, पण तपकिरी एकही नको. शुद्ध माज वाटतो ना? गायक डेव्हिड ली रॉथने पुढे सांगितलं की, स्टेजचं वजन, वीजजोडणी वगैरे किचकट कलमं आयोजकाने वाचलीत का, हे त्या वाटीवरून कळायचं. तपकिरी गोळी दिसली की सगळी जोडणी पुन्हा तपासायची.

आता हे बिघडवत न्या. कारण सगळे विसरतात, अट उरते. चाहते ती व्रतासारखी पाळतात. गोळ्या निवडायला माणूस नेमला जातो आणि मुलाखती त्याच्याच सुरू होतात.

खोडरबर: गोळीवाला मस्त, पण खरी अडचण वेगळी आहे. प्रसिद्धी मिळाली की नायकाला हवं असं काही उरतच नाही. त्याला लपवायला काहीतरी द्या. २००३ मध्ये अमेरिकी गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँडने आपल्या घराचा हवाई फोटो किनाऱ्याचे फोटो ठेवणाऱ्या एका साइटवरून हटवण्यासाठी ५ कोटी डॉलरचा दावा लावला. तोवर तो डाउनलोड झाला होता ६ वेळा, त्यातले २ तिच्याच वकिलांचे! बातमी फुटल्यावर महिन्याभरात ४ लाखांवर लोक साइटवर आले. दावा फेटाळला गेला तो वेगळाच. तुमचं कथानक असंच पळवा: प्रत्येक उपायातून आधीपेक्षा मोठी भानगड.

माफीनाम्याला एक अख्खं प्रकरण द्या. वकील ‘चूक’ खोडतो, कारण ती कबुली ठरेल. जाहिरातदार ‘दुःख’ खोडतो, मॅनेजर ‘पुन्हा’ खोडतो. उरतं ते ‘मी’ आणि सही. सगळे मसुदे जसेच्या तसे छापा, निवेदकाला हसू देऊ नका.

तिरपा_डोळा: अॅपची नावं काल्पनिकच ठेवा, खरी लवकर शिळी होतात. आणि एखाद्या खऱ्या स्टारचं फक्त नाव बदलून भागत नाही. वाचकाला माणूस ओळखू आला तर बदनामीचा दावा होऊ शकतो. पेशा, वय, घर, गाजलेलं प्रकरण, सगळंच बदला.