लवंगी मिरचीच्या रोपांचे शेंडे पांढरट पडताहेत, दिवा जास्त होतोय का?

गच्चीवरचे_वाफे (राजारामपुरी, कोल्हापूर)
पावसाळी ढगांमुळे ऊन नाही, म्हणून लवंगीचा ट्रे घरात आणलाय. रोपं चार पानांवर आहेत. पांढरा एलईडी, 60 वॅट, शेंड्यापासून 15 सेंमीवर, रोज 18 तास. पाच दिवसांत मधल्या रोपांची वरची पानं फिकट पडली, कडा वर वळल्या. कडेची रोपं हिरवीगार आहेत. मोबाईल ॲपवर शेंड्याजवळ 38,000 लक्स दिसतं. नत्र कमी पडतंय का? युरिया फवारू?

रोपवाटिका_शिरोळ
युरिया अजिबात नको. नत्र कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. लोह कमी असेल तर कोवळं पान पिवळं पडतं, पण शिरा हिरव्या राहतात. तुमच्याकडं दिव्याच्या बरोबर खालची वरची पानंच शिरांसकट फिकट होताहेत, म्हणजे उजेड जास्त झालाय. पानाला वापरता येईल त्यापेक्षा जास्त उजेड पडला की हरितद्रव्य मोडतं. त्यात खत घातलं तर मुळंही भाजतील.

हिशोब करून बघा. पांढऱ्या एलईडीला लक्स भागिले 70 केलं की मायक्रोमोल (झाडाला वापरता येणारा उजेड दर सेकंदाला, दर चौरस मीटरला किती पडतो त्याचं माप) साधारण कळतात. तुमचे सुमारे 540. त्याला 18 तास आणि 0.0036 ने गुणलं की दिवसाचे 35 मोल होतात. एवढा उजेड चार पानांच्या रोपाला झेपत नाही. 200 मायक्रोमोल, म्हणजे 14,000 लक्स, आणि 16 तास ठेवा, साडेअकरा मोल होतील. दिवा वर घेताना टेपवर जाऊ नका, ट्रेच्या मधे आणि चारी कोपऱ्यांत लक्स मोजत न्या. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो हा नियम पसरट पॅनेलला जवळून लागू पडत नाही.

मिरची_मळा
आधी बोकड्या (मिरचीची पानं आक्रसून वळण्याचा रोग) नाही ना, एवढं बघून घ्या. फुलकिड्यांनीही पान असंच नावेसारखं वर वळतं. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, बारीक पिवळसर किडे हलताना दिसले तर तो फुलकिडा. पण फुलकिडा दिव्याखालचीच रोपं निवडत नाही, कडेलाही जातो.

गच्चीवरचे_वाफे
झटकून पाहिलं, किडे नाहीत. पण पानाच्या उंचीवर हात धरला तर गरमही लागत नाही?

रोपवाटिका_शिरोळ
हाताला उष्णता कळते, उजेड कळत नाही. एलईडीखाली हवा गार असतानाही पान पांढरं पडतं. जांभळ्या दिव्याला मात्र हा लक्सचा हिशोब लावू नका, लक्समीटर तो उजेड फार कमी दाखवतो.

पांढरी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, तरी लगेच खुडू नका. नवी दोन पानं हिरवी निघाली की मग उजेड दर तीन-चार दिवसांनी 10 टक्के वाढवा.

मिरची_मळा
टायमर चकतीचा असेल तर वीज गेली की तो थांबतो, आणि पुढचं वेळापत्रक तेवढंच उशिरा होतं. पावसाळ्यात बॅटरीवाला डिजिटल टायमर लावा.